राउटर बुधवारीच का बंद पडतो

५ जानेवारी, सोमवार

ही वही बाबांनी बांधली आहे. बाइंडिंगच्या कारखान्यात उरलेले कागद जमवून बांधली, म्हणून काही पानं रेघांची, काही कोरी, मध्येच आठ-दहा पिवळी. पुठ्ठ्यावर माझं नाव सोनेरी अक्षरांत छापलंय आणि नावापुढे पदवी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना पाठी लावल्या, आता घरातलं पहिलं शिकलेलं माणूस काय लिहितं ते बघू, असं म्हणाले. उघडून वाचणार नाही एवढं मात्र कबूल करून घेतलंय.

आज इस्पितळात रुजू झाले. नेटवर्क विभागात आम्ही दोघंच, साहेब आणि मी. तीन महिने कच्ची नोकरी, काम बरं वाटलं तर पक्की. सगळ्या इमारतीचा राउटर टेलिफोन खोलीत आहे. तपासण्यांचे रिपोर्ट, एक्स-रेचे फोटो, औषधांच्या मागण्या, सगळं त्याच्यातूनच जातं. घरी समजावताना म्हटलं, चौकातला पोलीस असतो ना, तसा. बाबांना पटलं.

त्या खोलीत ऑपरेटरताई बसतात. वीस वर्षं फोन जोडतायत. मोबाइल बाहेरच्या पेटीत ठेवून मगच आत यायचं, हा साहेबांचा नियम. मला नियम असलेली जागा आवडते.

९ जानेवारी, शुक्रवार

टेलिफोन खोलीत वेळ कसा जातो कळत नाही. आज भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला म्हणून जेवायला गेले, तर कँटीनचं दार अजून बंद. कँटीनवाला म्हणाला, नवीन माणसाला भूक लवकर लागते.

१४ जानेवारी, बुधवार

आज छान झालं. बुधवारी साडेअकराला साहेबांची वरच्या डॉक्टरांबरोबर बैठक असते. त्यासाठी मी एक तक्ता बनवला: कुठल्या मजल्यावर किती यंत्रं चालू, किती बंद. माझा संगणक पावणेअकराला राउटरला आपणहून प्रश्न विचारतो आणि उत्तरांचा तक्ता तयार करतो. साहेबांनी दोनदा बघितला. म्हणाले, असंच सगळं टाक, राउटरला जे जे माहीत आहे ते सगळं. पुढच्या बुधवारी सगळं टाकते.

२१ जानेवारी, बुधवार

राउटर बंद पडला.

मी चौथ्या मजल्यावर होते. एकदम सगळे पडदे गोठले. रक्त तपासणीच्या खिडकीवर रांग, औषधांच्या खिडकीवर रांग, एक बाई मुलाचा एक्स-रे कुठे गेला म्हणून रडत होत्या. मी जिन्याने धावत खाली आले तोवर राउटर परत उठत होता. त्याला उठायला दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढ्यात शंभर माणसं खोळंबतात.

हा राउटर बंद पडला की त्याचं घड्याळ वेळ विसरतं. उठल्यावर त्याला वेळ सांगावी लागते. तशी साहेबांच्या हातची चिठ्ठीच वर चिकटवली आहे. समोरच्या भिंतीवर बघून वेळ लावली.

तक्ता अर्धाच निघाला. राउटर पडल्याने तोही वाया गेला.

२८ जानेवारी, बुधवार

पुन्हा. पुन्हा बुधवार. तक्ता पुन्हा अर्धा.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे तुझा पोलीस दर बुधवारी चक्कर येऊन पडतो. आई शिवणयंत्रावरूनच म्हणाली की त्याला काही खायला घाला. दोघं हसले. मला हसू आलं नाही. ती एक्स-रेवाली बाई डोळ्यांसमोरून जात नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

रीतसर तपास सुरू केलाय. शिकवलंय तसं आधी लक्षणं, मग नोंदी, मग कारण.

राउटर उठला की मागच्या वेळी का पडला त्याचं कारण एका ओळीत सांगतो. आत काही बिघडून पडला तर तसं सांगतो, वीज जाऊन पडला तर तसं. दोन्ही वेळा त्याने 'वीज' असं सांगितलंय. ऑपरेटरताईंना विचारलं, कुणी त्याच्या बटणाला किंवा प्लगला हात लावतं का. त्या भिंतीवरच्या पाटीकडे बघून नाही म्हणाल्या. 'हात लावू नये' अशी पाटी आहेच.

म्हणजे वीज. आता राउटर जे जे बोलतो ते माझ्या संगणकात उतरवून घेतेय, प्रत्येक ओळीला त्याची त्याची वेळ.

४ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं असं वाटतंय.

आज राउटरची शेवटची ओळ अकरा वाजून सहा मिनिटांची. दर बुधवारी अकराला वायरमनकाका जनरेटर चालवून बघतात, आणि पाच-सात मिनिटांनी इमारत त्याच्यावर टाकतात. तेव्हा दिवे एकदा डोळा मिचकावतात. राउटरला बॅटरीचा डबा जोडलेला आहे, पण डबा जुना. तो क्षण त्याला पेलत नसणार.

गंमत म्हणजे मी राउटरला वेळ लावून उठतेय न उठतेय तोच दिवे पुन्हा मिचकले. राउटर तेव्हा मात्र घट्ट उभा राहिला. काकांनी दोनदा बदली केली असणार.

दुपारी काका भेटले. बायकोला चाकाच्या खुर्चीतून व्यायामाच्या खोलीकडे नेत होते. काकूंचा उजवा हात वर्षापूर्वी लकव्याने गेला. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना इथले व्यायाम मोफत आहेत. त्यांच्या हातात एक पिवळा चेंडू होता. मला म्हणाल्या, बघ, आता दाबता येतो. खरंच थोडासा दबला. काका म्हणाले, अजून सहा महिने, मग ही माझा कान पिळणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज शुक्रवार आणि तरी पडला. पाहुणे येणार म्हणून साहेबांनी सकाळी तक्ता मागितला. मी काढायला लावला आणि पाहुण्यांच्या चहाचं बघायला गेले. परत येते तो राउटर झोपलेला. तक्ता अर्धा. साहेबांचा चेहरा बघवेना.

जनरेटरच्या खोलीत जाऊन काकांचं रजिस्टर पाहिलं. पेन्सिलने लिहिलेलं, सात वर्षांचं, एकही बुधवार चुकलेला नाही. आजच्या तारखेला काही नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

काकांना सरळ विचारलं, शुक्रवारी चाचणी केली होती का.

ते स्विचबोर्डचा स्क्रू आवळत होते. वर न बघता म्हणाले, "पोरी, लिहिलेलं नाही म्हणजे केलेली नाही."

मी म्हटलं, राउटर वीज गेल्याचं सांगतोय, आणि यंत्र खोटं बोलत नाही. त्यावर ते थोडं हसले. मग म्हणाले की या बुधवारी मी चाचणी अकराऐवजी दोनला घेतो, राउटर केव्हा पडतो बघ. एवढी साधी गोष्ट.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, चाचणी अकराला हा नियम आहे. आणि ज्याच्यावर संशय, त्यालाच तपासात घ्यायचं नसतं. हे मला पटलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

अकरा वाजून सात मिनिटं. काकांच्या रजिस्टरमध्ये: 'भार टाकला ११.०७.' मिनिटाला मिनिट.

पण मनात एक खडा टोचतोय. काकांसारखा माणूस शुक्रवारचं लिहायला विसरेल का? मग वाटतं, माणूसच तो. त्या दिवशी काही कारणाने जनरेटर लावला असेल, आणि विचारल्यावर भीती वाटली असेल. मला त्यांचा राग नाही. सत्य कुणावर रागावून शोधायचं नसतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

अहवाल दिला. चार पानी. आयुष्यातला पहिला.

मी दोन उपाय सुचवले होते: बॅटरीचा डबा बदला, चाचणीची वेळ बदला. साहेबांनी दोन्ही खोडले. अहवालात कारण एकच असावं, उपाय वरचे लोक ठरवतील. शुक्रवारबद्दल मी 'नोंद न केलेल्या चाचणीची शक्यता' लिहिलं होतं. 'शक्यता' हा शब्द काढायला सांगितला. म्हणाले, "शंका असेल तर सही करू नकोस. खात्री असेल तर शंका लिहू नकोस."

मी शब्द काढला आणि सही केली. सगळी वेळापत्रकं जुळत होती. खात्री होतीच.

२३ फेब्रुवारी, सोमवार

वायरमनकाकांना कामावरून काढलं. चाचणी करून ती लपवली, असं कारण. जनरेटर आता बाहेरची कंपनी बघणार.

मला वाटलं होतं समज देतील. फार तर वेळ बदलतील.

ते आपली हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडत होते. मी फाटकापर्यंत धावले. त्यांनीच विचारलं, तक्ता आता पुरा निघतो का. मी म्हटलं, बुधवारी कळेल. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी आईने विचारलं, चेहरा का पडलाय. थकलेय म्हटलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

हे नीट, क्रमाने लिहायलाच हवं.

आज चाचणी नव्हती. म्हणून आज राउटर पडणार नाही, हे डोळ्यांनी बघायला मी टेलिफोन खोलीत जाऊन बसले. घाईत मोबाइल पेटीत टाकायचा राहिला. भिंतीवर अकरा वाजून पाच झाले तेव्हा खिशात मोबाइल थरथरला. माझ्याच संगणकाचा निरोप: तक्ता काढणं सुरू, १०.४५.

मी निरोप बघितला. भिंतीकडे बघितलं. तेवढ्यात राउटरचे सगळे दिवे एकदम केशरी झाले आणि तसेच थांबले.

मी हलायच्या आत ऑपरेटरताई उठल्या, सवयीने वाकल्या, प्लग काढला, ओठ हलवत तीसपर्यंत मोजलं आणि परत लावला.

मी विचारलं, हे काय केलंत? त्या घाबरल्या. म्हणाल्या, तो असा गोठला की साहेबांनीच तोंडी सांगून ठेवलंय, काढायचा, तीस मोजायचे, लावायचा. पण पाटीवर तर हात लावू नये असं आहे, म्हणून तुला नाही म्हटलं. नोकरीचा प्रश्न असतो गं.

आणि घड्याळ?

"ते वीस मिनिटं पुढेच असतं," त्या म्हणाल्या. "सकाळपाळीच्या मुली उशिरा यायच्या म्हणून मागेच केलंय. सगळ्यांना माहीत आहे. मनातल्या मनात वजा करायचं."

सगळ्यांना माहीत आहे.

राउटर अकरा सहाला कधीच पडत नव्हता. तो दहा शेहेचाळीसला पडत होता, तक्ता सुरू झाल्यावर एका मिनिटात. मी त्याला त्याला माहीत असलेलं सगळं एका दमात विचारत होते. त्याची स्मरणशक्ती जुनी, तोकडी. ती भरली की तो गोठायचा. शुक्रवारीही तक्ता मीच काढायला लावला होता. काकांनी काहीच केलं नव्हतं. म्हणून लिहिलं नव्हतं.

चार तारखेला दिवे 'पुन्हा' मिचकले असं मी या वहीत लिहून ठेवलंय. पुन्हा नव्हतं ते. ती पहिलीच वेळ होती. राउटर तेव्हा पडला नाही, हे मी स्वतः बघितलं आणि स्वतःच लिहिलं.

तक्ता कायमचा बंद केला. भिंतीवरचं घड्याळ स्टुलावर चढून बरोबर केलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

घड्याळ पुन्हा वीस मिनिटं पुढे. ताई म्हणाल्या, सकाळी दोघींची बस चुकली, कटकट नको.

४ मार्च, बुधवार

राउटर पडला नाही. चाचणीही नाही, तक्ताही नाही.

सगळं लिहून साहेबांकडे नेलं. दोन पानं त्यांनी शांतपणे वाचली. ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, वायरमन गेला आणि राउटर पडायचा थांबला, वर असं कळलेलं आहे; पंचवीस तारखेचं कुणी मोजलेलं नाही. लोक खूश आहेत. आता तू सांगणार की तुझ्या तक्त्याने इस्पितळ सात वेळा बंद पाडलं, आणि एका माणसावर ते ढकललं. मग विचारतील, या मुलीला घेतलं कुणी?

पानं माझ्याकडे सरकवली. "पहिल्या अहवालावर सही तुझी आहे. माझी नाही."

मी पानं घेऊन परत आले. टेबलावर ठेवून यायला हवी होती. घेऊन आले.

१५ मार्च, रविवार

काकांचं घर शोधत गेले. तिसरा मजला, जिना अरुंद. काका लोकांचे बिघडलेले पंखे दुरुस्त करतात आता. खोलीभर पाती पसरलेली. मला बघून एक पातं उचलून बसायला जागा केली.

मी सगळं सांगितलं. घड्याळ, प्लग, तक्ता. मध्ये एकदाही थांबवलं नाही त्यांनी. सांगून झाल्यावर म्हणाले, "वीस मिनिटं. अगं, मला विचारायचं होतंस. मी त्या घड्याळात सेल घालायचो."

एवढंच. मग उठून चहा टाकला.

काकू खाटेवर बसल्या होत्या. व्यायाम बंद आहेत. बाहेर परवडत नाहीत आणि या जिन्यावरून रोज उतरवणार कोण. पिवळा चेंडू फळीवर, काकूंचा हात पोहोचणार नाही इतक्या उंच. मी तो काढून त्यांच्या हातात दिला. बोटं त्याच्यावर नुसती पडून राहिली. त्याच माझी समजूत काढायला लागल्या, आज अंग जड आहे म्हणून.

निघताना काकांनी विचारलं की जनरेटर कोण चालवून बघतं. मी म्हटलं, कंपनी, महिन्याच्या पहिल्या तारखेला. प्रत्यक्षात कुणी आलेलं बघितलंस का, म्हणाले. नाही बघितलं. त्याची बॅटरी आठवडाभराच्या वर नुसती ठेवायची नाही, एवढं कुणाला तरी सांग.

१६ मार्च, सोमवार

साहेबांना सांगितलं. म्हणाले, कंपनी बघेल. आपलं खातं नेटवर्क.

२७ मार्च, शुक्रवार

पक्कं झाल्याचं पत्र मिळालं. 'राउटरच्या बिघाडाचं अचूक निदान' असा उल्लेख आहे.

बाबांनी पत्र दोनदा मोठ्याने वाचलं. शेजाऱ्यांना बोलावलं. आईने शिवणयंत्र बंद करून ठेवलं, जे ती आजारपणातही करत नाही. बाबा म्हणाले याला जाड पुठ्ठा लावून ठेवू. मी शेजाऱ्यांचे चहाचे कप भरत राहिले.

शेजारी गेल्यावर मात्र सांगितलं. बाबा बराच वेळ पत्राच्या कडा सरळ करत राहिले. मग विचारलं, "तू नोकरी सोडलीस तर ते परत येतील का?"

मला माहीत नाही म्हटलं.

"मग आधी ते माहीत करून घे," ते म्हणाले, आणि आत गेले. पत्र टेबलावरच राहिलं. पुठ्ठा लावला नाही. अजून लावलेला नाही.

मी काहीच माहीत करून घेतलं नाही. रोज जाते, येते. वरच्या डॉक्टरांच्या दारावरून दिवसातून चार वेळा जाते.

८ एप्रिल, बुधवार

आज दुपारी तीनच्या सुमाराला सबंध भागाची वीज गेली. जनरेटर सुरू झाला नाही. त्याची बॅटरी मेलेली होती. कंपनीचा माणूस एकदाही आला नव्हता.

अकरा मिनिटं. लिफ्ट मध्येच अडकल्या. अतिदक्षता विभागात श्वासाची यंत्रं आपापल्या बॅटरीवर काही वेळ चालली, मग दोन बंद पडली. नर्सनी हाताने फुगा दाबत श्वास दिला. एकजण वाचला. दुसऱ्या आजोबांबद्दल डॉक्टर म्हणतात की ते तसेही जाणार होते. त्यांचा मुलगा जिन्यात बसला होता. अंधारात मी त्याच्या पायाला ठेचकाळले, आणि त्यानेच मला लागलं का विचारलं.

चाचपडत टेलिफोन खोलीत गेले. तिथे एकच हिरवा दिवा जळत होता. राउटरचा. मी त्याला विचारलं, किती वेळ चालू आहेस. त्याने सांगितलं: सहा आठवडे, चार तास, नऊ मिनिटं. सगळी इमारत अंधारात, आणि ज्याला एक डोळा मिचकावणं पेलत नाही असं मी सही करून लिहिलं होतं, तो त्याच जुन्या डब्यावर अकरा मिनिटं उभा होता.

वीज आल्यावर साहेबांनी बोलावलं. वर अहवाल द्यायचाय, तू चांगलं लिहितेस. आधीच्या वायरमनने जाताना यंत्र कशा अवस्थेत सोडलं, तिथून सुरुवात कर. त्यांचा आवाज कापत होता. तेही घाबरलेत, हे मला पहिल्यांदा दिसलं.

मी लिहिला. टेलिफोन खोलीत बसून, ताईंच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. पहिली ओळ: या खोलीतलं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे. मग प्लग, मग तक्ता, मग शुक्रवार, मग सोळा मार्चला मी काय सांगितलं आणि मला काय उत्तर मिळालं. एकही 'शक्यता' लागली नाही. ताई शेजारून वाचत होत्या. माझं नाव घालू नकोस म्हणाल्या. नाही घातलं.

वरच्या डॉक्टरांच्या दारावर आज थांबेन. त्याने आजोबा उठणार नाहीत. काकूंचे गेलेले आठवडे भरून येणार नाहीत, आणि माझ्या घरी शेजाऱ्यांना पुन्हा बोलावून काय सांगायचं, हे बाबांना ठरवावं लागेल. हे सगळं मी चार मार्चला करू शकत होते. तेव्हा ते फक्त दोन पानांचं होतं.

खाली सही केली. तारीख घातली. वेळ घालायला मान वर करून घड्याळाकडे बघितलं, आणि वीस मिनिटं वजा केली.